तापाच्या तक्त्यावर न दिसणारं

मुलांच्या वॉर्डात राउंडच्या वेळी डॉक्टर म्हणतात, "एकदा मानसोपचार विभागाला दाखवून घेऊ." आईचा चेहरा तिथेच उतरतो. माझी पोर वेडी आहे का, हा प्रश्न ती विचारते किंवा गिळून टाकते. वडिलांना वाटतं, यांना आजार सापडत नाही, म्हणून आता मनावर ढकलतायत. दोघांची भीती खरी आहे, कारण हे काम नेमकं काय असतं, कोण करतं आणि कसं चालतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. आपल्याकडे मूत्रपिंडाचे डॉक्टर बोलावले तर कुणी दचकत नाही. मनाचे डॉक्टर बोलावले की घरात कुजबुज सुरू होते. म्हणून ही सगळी व्यवस्था सुरुवातीपासून उलगडून सांगायची आहे.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञापासून होत नाही. ती होते सलाईनची सुई लावतात त्या खोलीत.

चार वर्षांच्या मुलाला ॲडमिट केलं की पहिल्या तासाभरात त्याच्या हाताला सुई लागते. बहुतेक ठिकाणी हे असं घडतं: आईला बाहेर थांबवतात, मुलाला टेबलावर आडवं करतात, मावशी पाय धरतात, सिस्टर खांदे धरतात, निवासी डॉक्टर शीर शोधतात. शीर सापडत नाही. दुसरा हात. मूल किंचाळतं. बाहेर आईच्या पोटात कालवतं. काम एकदाचं होतं, आणि सगळ्यांना वाटतं, झालं, विसरेल तो. तो विसरत नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोगाच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढणं किंवा हाडातला मगज काढणं अशा तपासण्यांच्या पहिल्या वेळी ज्यांना खरं वेदनाशामक मिळालं नव्हतं, त्यांच्यातल्या आठ वर्षांखालच्या मुलांना पुढच्या वेळी ते औषध देऊनही जास्त दुखलं. पहिल्या वेळचं दुखणं शरीराने जपून ठेवलं होतं. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अशा मुलाची पहिली सुई कशी टोचली, यावर पुढच्या शंभर सुया ठरतात.

मग करायचं काय? यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे. मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर, छातीशी छाती लावून बसवायचं आणि एक हात बाजूला मोकळा काढून घ्यायचा. मूल घट्ट धरलेलं राहतं, पण ते कुशीत असतं. तान्ह्या बाळाला टोचताना अंगावर पाजलं तर दुखणं कमी जाणवतं. थोड्या मोठ्या मुलाच्या हातात भिरभिरं द्यायचं किंवा साबणाचे फुगे फुंकायला लावायचे. फुंकताना श्वास लांब होतो आणि लक्ष हातावरून हटतं. त्वचा सुन्न करणारं मलम मिळतं, ते टोचण्याच्या सुमारे तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवावी लागते. घाईच्या वेळी ते जमत नाही, पण ठरलेल्या तारखेला येणाऱ्या मुलासाठी सहज जमतं. आणि शक्य असेल तिथे टोचणं मुलाच्या खाटेवर करायचं नाही, त्यासाठी वेगळी खोली वापरायची. खाट ही त्याची एकमेव सुरक्षित जागा असते. तिथेही कुणीही येऊन टोचणार असेल तर ते झोपणार कसं?

बोलण्याचीही एक रीत आहे. "रडलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील हं," ही धमकी आपण घरोघरी ऐकलेली आहे. पोराला गप्प करण्यासाठी वापरलेली ही धमकी वॉर्डात उलटते, कारण मुलाच्या हिशेबात प्रत्येक सुई म्हणजे शिक्षा होऊन बसते. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, काही दुखणार नाही," हेही नको. दुखल्यावर मूल सुईवर रागावत नाही, खोटं बोललेल्या माणसावर रागावतं, आणि पुढच्या वेळी त्याचं ऐकत नाही. खरं वाक्य साधं असतं: "थोडा वेळ दुखेल. मी तुला धरून ठेवणार आहे. रडलास तरी चालेल, फक्त हा हात हलवायचा नाही. दहा आकडे मोजून होईपर्यंत संपेल." निवड द्यायची असेल तर खरीच द्यायची. सुई घ्यायची का, हे त्याला विचारू नये, पण डावा हात की उजवा, हे विचारता येतं.

मानसिक आधार म्हणतात तो बहुतांशी हाच. तो पदवी असलेला माणूस खोलीत येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि तो देणाऱ्या बहुतेकांच्या नावापुढे मानसशास्त्राची पदवी नसते. सिस्टर, मावशी, लॅबमधून रक्त घ्यायला येणारे तंत्रज्ञ, एक्स-रेच्या खोलीतले मामा, आणि आई-बाप. माझं ठाम मत आहे की ज्या रुग्णालयात समुपदेशकाची पाटी आहे, पण सुईच्या खोलीत आईला येऊ देत नाहीत, तिथे मुलांच्या मनाची काळजी अजून सुरू झालेली नाही.

ही समज डॉक्टरांना फार उशिरा आली. १९५२ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीवर छोटा चित्रपट केला. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती, आणि त्या काळच्या नियमांप्रमाणे आई-वडिलांना तिच्याजवळ राहू देत नव्हते. मुलगी फार रडत नाही. हळूहळू तिचा चेहरा मिटत जातो, आणि आई भेटायला आली की ती मान फिरवते. वैद्यकीय मंडळींसमोर तो दाखवला तेव्हा अनेकजण संतापले, आमच्या वॉर्डातली मुलं मजेत असतात असं त्यांचं म्हणणं. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवून दिलं की आधी मूल आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी नातंच सोडून दिल्यासारखं वागतं. सिस्टर ज्याला "आता रुळला" म्हणत, तो बहुधा यातला दुसरा किंवा तिसरा टप्पा असे. १९५९ साली ब्रिटनमध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला आणि पालकांना मुलांजवळ येऊ द्यावं, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावं, अशी शिफारस झाली. त्याच दशकात, १९५५ साली, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या रुग्णालयात एमा प्लँक यांनी आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षण यांचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. भारतातल्या सरकारी वॉर्डात आई खाटेखाली चटई टाकून झोपते. कित्येकदा तिला हाकलणं शक्यच नसतं, कारण भरवणं, पुसणं, औषध आणणं हे सगळं तीच करते. रॉबर्टसननी पाहिलेली ताटातूट आपल्या साध्या वॉर्डात कमी आहे, अतिदक्षता विभागाच्या दारापाशी मात्र ती पुरेपूर आहे. आपल्याकडे दुसरं एक दालन लवकर उघडलं ते समाजसेवेच्या बाजूने. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. भारतातलं ते पहिलं मानलं जातं. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. रुग्णाच्या खाटेपलीकडे त्याचं घर, पैसा आणि माणसं असतात, ही जाण तेव्हापासून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आहे. माणसं कमी पडतात, हे खरं. पण पाया आहे.

"त्रास न देणारं मूल" याबद्दल इथेच एक सांगतो, कारण रॉबर्टसनचा तो धडा आजही लागू आहे. आरडाओरडा करणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. भिंतीकडे तोंड करून पडलेलं, टोचलं तरी हूं की चूं न करणारं, विचारलं तर "बरं आहे" म्हणणारं मूल गुणी ठरतं. वॉर्डातल्या मुलांपैकी आधी कुणाकडे बसायचं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या गुणी मुलाकडे बोट दाखवेन.

आता तो "रेफरन्स". मोठ्या रुग्णालयात एका विभागाने दुसऱ्याला बोलावण्याचा हा रोजचा शब्द. बालरोग विभागाचे डॉक्टर केसपेपरवर मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी लिहितात, आणि त्या विभागातले निवासी डॉक्टर, पुढे त्यांचे वरिष्ठ, वॉर्डात येतात. सोबत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असू शकतात, समाजसेवक असू शकतात. मूल कुठेही हलत नाही, त्याच खाटेवर असतं. मनोरुग्णालयात दाखल करणं ही संपूर्ण निराळी गोष्ट. त्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अल्पवयीनांसाठी कडक अटी आहेत: अपवाद म्हणूनच दाखल करायचं, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, प्रौढांपासून वेगळं ठेवायचं, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत असायला हवं. वॉर्डात येऊन मुलाशी बोलणाऱ्या डॉक्टरचा याच्याशी काही संबंध नाही.

चिठ्ठी कशी लिहिली आहे यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. "वागणूक ठीक नाही, कृपया पाहावे" या ओळीतून काही कळत नाही. "गेले पाच दिवस जेवत नाही, ड्रेसिंगची वेळ झाली की उलटी करते, रात्री दचकून उठते," असं लिहिलं तर येणाऱ्याला धागा मिळतो. आणि आई-वडिलांना आधी सांगून मग बोलवावं. अनोळखी डॉक्टर अचानक येऊन "मी मानसोपचार विभागातून आलोय" म्हणाले, तर त्या घराचा विश्वास गेलाच म्हणून समजा.

आलेला तज्ज्ञ आधी मुलाकडे जात नाही. तो केसपेपर वाचतो, विशेषतः औषधांची यादी. हे ऐकून पालकांना नवल वाटतं, पण स्टेरॉइडने मुलं चिडचिडी, रडवेली होतात आणि त्यांना न शमणारी भूक लागते. नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजाराची किंवा रक्ताच्या कर्करोगाची मुलं मध्यरात्री जेवण मागतात, न मिळाल्यास आईला मारतात. ती हट्टी झालेली नसतात. फिटवर दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटाम या औषधानेही काही मुलं आक्रमक होतात. अतिदक्षता विभागातलं मूल अचानक भिंतीवर किडे दिसतात म्हणालं, आईला ओळखेनासं झालं, दिवसा झोपून रात्रभर बडबडू लागलं, तर मेंदूवर ताण पडून आलेला तो भ्रम असतो. जंतुसंसर्ग, कमी पडलेला प्राणवायू, गुंगीची औषधं अशी कारणं त्यामागे असतात. ती शोधून दूर करणं हाच उपचार. सोबत दिवसा उजेड, रात्री अंधार, ओळखीचा आवाज, चष्मा असेल तर चष्मा. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. त्यांच्या अंगाऱ्याची टर उडवू नये. अंगारा कपाळाला लावू द्यावा आणि हे का होतंय ते शांतपणे समजावून सांगावं. पोराचं औषध सुरू राहणं महत्त्वाचं.

मग तो आईशी बोलतो, वडिलांशी बोलतो, जमलं तर वेगवेगळं. जन्म कसा झाला, शाळा कोणती, घरात कोण कोण, घरात अलीकडे काय घडलं, आणि आजारपणाचा खर्च कुठून चाललाय. शेवटी मूल. लहान मुलाला सरळ प्रश्न विचारून काही मिळत नाही. कागद-रंग द्यायचे, बाहुली द्यायची, बाहुलीला सुई द्यायला लावायची. पाच वर्षांची मुलगी बाहुलीला टोचता टोचता म्हणते, "तू भावाला मारलंस ना, म्हणून." शाळेत जाण्याआधीच्या वयात आजार ही शिक्षा वाटणं अगदी नेहमीचं आहे. मोठ्यांनी बोलता बोलता टाकलेली वाक्यं, "ऐकलं नाहीस, थंड खाल्लंस, म्हणून झालं," मुलाच्या मनात पुरावा म्हणून जमा होतात. म्हणून कोणत्याही गंभीर आजारात लहान मुलाला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला हात लावल्याने हे कुणाला होणार नाही, आणि तुझ्याजवळ कोण थांबणार आहे ते हे.

हे सांगायचं म्हणजे आजाराचं नाव सांगायचं का? "तिला काही कळू देऊ नका," हे वाक्य कर्करोगाच्या प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं, आणि ते प्रेमातूनच येतं. पण १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या मायरा ब्लूबाँड-लँगनर यांच्या पुस्तकाने याबद्दल मोठी गोष्ट दाखवली. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांमध्ये त्या राहिल्या. त्या मुलांना कुणीही काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांना आपला आजार आणि त्याचा शेवट ठाऊक होता. आई-वडिलांना त्रास नको म्हणून तीच मोठ्यांपासून लपवत होती. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत होत्या, आणि मूल एकटं पडत होतं. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते ती खाटेपाशी चालणाऱ्या राउंडची. दहाजण गोल उभे राहून इंग्रजीत बोलतात, आणि आठ वर्षांचा मुलगा "रिलॅप्स", म्हणजे आजार उलटणं, हा एकच शब्द उचलतो. त्या शब्दाचा अर्थ त्याला शेजारच्या खाटेवरचा दादा सांगतो.

मुलावर माहिती ओतावी असं मी म्हणत नाही. आधी विचारावं: "तुला काय वाटतं, आपण इथं कशासाठी आलोय?" त्याचं उत्तर ऐकून, त्यात चुकलेलं असेल तेवढं दुरुस्त करायचं, आणि जेवढं विचारेल तेवढंच पण खरं सांगायचं. ते कसं सांगायचं याचा सराव आई-वडिलांकडून आधी करून घेणं, हेही त्या तज्ज्ञाचंच काम. आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तेव्हाही हेच. मुलांची परिहार सेवा, म्हणजे दुखणं आणि क्लेश कमी करणारी सेवा, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. गंभीर निदान झालं की उपचारांच्या सोबतीने ती सुरू व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे वळू, ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात.

अकरा वर्षांची मुलगी, महिनोन्‌महिने पोटदुखी. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, कुणी एंडोस्कोपीही केली. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणतात, "काही नाहीये, मनाचं आहे." घरी भाषांतर होतं: नाटक करते. मुलीला ऐकू येतं: माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. मग दुखणं वाढतं, कारण आता ते सिद्ध करावं लागतं.

शरीरात काय घडतं ते समजलं तर हा गुंता सुटतो. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत दळणवळण चालू असतं. कधी पोटाच्या संसर्गानंतर, कधी काळजीने, कधी कुठल्याच ठळक कारणाशिवाय हे जाळं हळवं होतं, आणि एरवी जाणवूही नये अशी आतड्याची हालचाल दुखणं म्हणून मेंदूपर्यंत पोहोचते. पोट खरंच दुखतं. घराचा चोरगजर मांजर गेलं तरी वाजावा, तसं हे आहे: आवाज खरा, चोर नाही. बालरोगतज्ज्ञाने हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवायला हवं, की आपण दोन्ही बाजू एकत्रच बघणार आहोत. सगळ्या तपासण्या संपल्यावर शेवटचा उपाय म्हणून मन काढलं तर ते हाकलून दिल्यासारखं वाटतं. अर्थात वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार ताप किंवा उलट्या, झोपेतून उठवणारं दुखणं ही लक्षणं असतील तर शरीराचा तपास पुढे जायलाच हवा.

उपचार काय? तपासण्या थांबवायच्या, पण डॉक्टर बदलायचा नाही आणि भेटी थांबवायच्या नाहीत. ठरलेल्या तारखेला भेटायचं, दुखो वा न दुखो. शाळा सुरू करायची, आधी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. सुट्टी जितकी लांबते तितकं परतणं अवघड होतं. घरी दर तासाला "दुखतंय का गं?" विचारणं बंद करायचं. तिने सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि कशात तरी गुंतवायचं. पोटाने श्वास घेणं शिकवायचं. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीच्या काही बैठका होतात, त्यांचा या दुखण्यावर चांगला परिणाम दिसलेला आहे. शाळेतली छळवणूक, घरातली भांडणं, कुणाचा मृत्यू असं काही सापडलं तर त्यावर काम होतंच. पण काही सापडलं नाही म्हणून उपचार अडत नाही, आणि पालकांनी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही.

अंगात येतं असं सांगून आणलेली मुलं, फिट आल्यासारखी पडणारी पण ईईजीत फिट न दिसणारी मुलं, एकाएकी पायातली ताकद गेलेली मुलं याच वाटेवरची. झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इथे फार उपयोगी पडतो. आणि एक सावधगिरी: खरा अपस्मार असलेल्या मुलांनाही असे दुसरे झटके येऊ शकतात, म्हणून औषध मनाने बंद करू नये.

किशोरवयीनांची रीत निराळी. तिथे डॉक्टर आईला म्हणतात, "तुम्ही पाच मिनिटं चहा घेऊन या." हा उद्धटपणा नाही. पंधरा वर्षांची मधुमेही मुलगी इन्सुलिन चुकवते, साखर चारशेवर जाते, महिन्याआड दाखल होते. आईसमोर ती म्हणते, विसरले. एकटी असताना सांगते की वर्गात कुणाला कळू द्यायचं नाही अशी घरून सक्त ताकीद आहे, पुढे लग्न जमायचं असतं ना. मग शाळेत सुई घ्यायची कुठे? हे एका वाक्यात कळलं तर आहाराचं शंभरावं व्याख्यान वाचतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते, आणि दीर्घ आजार असलेल्या मुलांमध्ये ही जोखीम आणखी वाढते. या खासगी बोलण्याला मर्यादा असतात आणि त्या सुरुवातीलाच सांगतात: जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल, आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

याच पाच मिनिटांत आत्महत्येबद्दल विचारलं जातं, सरळ शब्दांत. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्यावर मुलांना सुटल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१२ साली तातडीच्या विभागांसाठी चार छोट्या प्रश्नांची चाचणी तयार केली, ती सिस्टरही विचारू शकतात. आपल्या ग्रामीण भागात कीटकनाशक प्यालेली मुलं येतात. पोट धुतलं, जीव वाचला, घरी सोडलं, इतक्यावर उपचार संपत नाहीत. सोडण्याआधी मानसोपचार विभागाने बघितलंच पाहिजे. पोलिसांना कळवण्याच्या नोंदीने घरचे घाबरतात आणि "चुकून प्यायली" सांगतात. त्यांना हे कळायला हवं की २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं पाऊल उचललेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेलं गृहीत धरतं, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. घरी जाण्याआधी एक काम पालकांनी करायचं: फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात.

आई-वडिलांचं काय, हे विचारलं नाही तर हा सगळा खटाटोप अपुरा राहतो. मूल आईच्या चेहऱ्यावरून स्वतःचा आजार वाचतं. सोलापूरहून किंवा नांदेडहून परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात आलेलं कुटुंब फुटपाथवर राहत असेल तर त्या आईला धीर धरा म्हणण्यात अर्थ नाही. आधी छप्पर. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था मुंबईत कर्करोगाच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना विनामूल्य राहायला जागा देते. टाटा रुग्णालयातला मुलांचा विभाग समाजसेवकांमार्फत राहणं, खाणं, रक्त, पैसे यांची जुळवाजुळव करतो, जेणेकरून उपचार अर्धवट सुटू नयेत. ही कामंही मनाच्या आरोग्याचीच आहेत, मी यांना दुय्यम मानत नाही. गावी आजीकडे ठेवलेल्या धाकट्या भावंडालाही कुणीतरी रोज फोन करायला हवा. ताईला सगळं मिळतं, मला काही नाही, आणि असा विचार केला म्हणून ती आजारी पडली, अशा दोन टोकांत ते पोर हेलकावे खात असतं.

सुट्टी मिळाल्यावर गाडी बहुधा अडते ती शाळेपाशी. केस गेलेले, चेहरा स्टेरॉइडने सुजलेला, वर्ष बुडालेलं. वर्गशिक्षकांना आधी भेटून, मुलाला विचारूनच, वर्गात काय सांगायचं ते ठरवावं. डॉक्टरांकडून शाळेसाठी स्वतंत्र चिठ्ठी मागून घ्यावी: काय चालेल, काय चालणार नाही, कधी घरी पाठवायचं. गाव लांब असेल तर जिल्ह्यातली दोन ठिकाणं माहीत असावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत, आणि तिथल्या चमूत बालरोगतज्ज्ञासोबत मानसशास्त्रज्ञाचीही योजना आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी लिहून होईल तेव्हा तिच्याखाली मनाच्या तपासणीची पुढची तारीख आणि हे दोन क्रमांकही डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावेत. घरच्या वडीलधाऱ्यांना मग त्याचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.